सुपारीच्या बैठकीतनं मी का उठलो न्हाई

न्हाई म्हंजी न्हाई म्हणलं होतं मी. काल सीमाताई दारात आली तवाच सांगितलं, बाई, तुझा कागद तू भर, काय लिवायचं ते लिव, सही पायजे तर सही घे, पर मला चार माणसांत बसवून बोलाय लावू नको. तर म्हणती कशी, "आबा, तुम्ही बोललात की बाकीची बोलत्याल. बायका तर काय दुखतंय ते सांगतच न्हाईत." आता बायका सांगत न्हाईत ह्यात माझा काय गुन्हा? माझी सांगती की. पाचला उठल्यापासनं सांगाय लागती ती दिवा लागंस्तवर. पर ऐकंल ती सीमाताई कसली, गावची आशाताई हाय, घराघरात कोण कण्हतंय ते तिला ठावं. आणून बसवलं मला ह्या उपकेंद्राच्या ओट्यावर, खुर्ची दिली, पाठीमागं उशी दिली, हातात चहा दिला... म्हंजी पळून जायची वाटच ठिवली न्हाई.

बरं, बोलायचं कशावर? तर चिकनगुन्यावर. ताप येऊन गेल्यावर माणूस पुढं जगतो कसा, ह्याचा अभ्यास चाललाय म्हणं. ही पुण्याहून आलेली दोन पोरं, डॉक्टर हायत, छत्तीस सवालांचा कागद घेऊन आल्यात. त्यातला पहिला सवाल मघाशी मला इचारला, "आजोबा, गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उत्साही वाटलं? नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, का कधीच नाही?" तुम्हास्नी सांगतो, मी त्या पोराच्या तोंडाकडं बघतच ऱ्हायलो. उत्साही? आरं बाबा, मी माझ्या लग्नात उत्साही न्हवतो. सरूबाईला इचार, ती बसलीय बघ पलीकडं पदर तोंडाला लावून. चिकनगुन्याच्या आधीबी मी आसाच होतो, चिडका. फरक एवढाच, की तवा उभ्यानं चिडायचो, आता बसून चिडतो.

तर आयका. तीन वर्सं झाली. गणपती बसले त्या आठवड्यात मला ताप भरला. चार दिस नुसता तापलेल्या तव्यागत पडून होतो. पाचव्या दिवशी ताप उतरला आन् मी म्हणलं, सुटलो. सुटलो म्हणणारा माणूस ह्या जगात समद्यात येडा. सहाव्या दिवशी उठाय गेलो तर अंग माझं न्हवंच. घोटं, गुडघं, मनगाट, खांदं, बोटांची पेरं न् पेरं... कुणीतरी समदं सांधं खोलून, आत वाळू भरून, परत पान्यानं आवळून ठिवल्यागत. मूठ मिटंना. मिटली तर उघडंना. तांब्या धरला तर तांब्या खाली आन् मी वर, दोघंबी एकमेकाकडं बघतोय.

सीमाताई, तू मधी बोलू नको. तिला काय म्हणायचंय ते मला ठावं हाय. त्या साली ती दारोदार सांगत फिरत होती, आठवड्यातनं एक दिस पाणी साठवलेली भांडी वतून कोरडी करा, त्यात डास व्हत्यात. माझ्या न्हाणीम्होरं निळा पिंप हाय दोनशे लिटरचा, गळ्यापतूर भरलेला. मी तिला म्हणलं होतं, नळाला पाणी येतं चार दिसाआड आन् तू मला वतून द्याय सांगतीस? पिंपाला हात लावशील तर याद राख, आसंबी म्हणलं होतं. पर ती गोष्ट येगळी. तिचा हितं संबंध न्हाई. म्होरं आयका.

यवतला दवाखान्यात नेलं. रक्त काढलं, दोन दिसांनी कागद आला. डॉक्टर म्हणला, "बाबा, चिकनगुन्या होऊन गेलाय, आता रिपोर्ट नॉर्मल हाय." आरं मग दुखतंय ते काय शेजाऱ्याचं? दोन महिन्यांनी दौंडला गेलो. तिथं हाताचा फोटो काढला, गुडघ्याचा काढला, फोटो उजेडात धरून डॉक्टर म्हणला, रिपोर्ट नॉर्मल हाय. मग पोरानं पुण्याला नेलं. तिथला डॉक्टर तर आसा हसला जसा काय मी परीक्षेत पहिला आलोय. म्हणला, "आजोबा, या वयात इतके चांगले रिपोर्ट मी बघितले नव्हते. एकदम नॉर्मल." म्हणलं साहेब, मग आसं करू, उद्यापासनं रिपोर्टला शेतावर धाडतो, आन् मी पडतो फायलीत.

आन् तुम्हास्नी सांगतो, इथंच माणूस मरतो. रिपोर्ट नॉर्मल आला ना, की घरातली माया आटली. तवर सरूबाई निरगुडीचा पाला उकळून शेक देत होती, एरंडाच्या पानाला तेल लावून गुडघ्याला बांधत होती. रिपोर्ट आला आन् तिनं पातेलं घासून फळीवर ठिवलं. "डॉक्टर म्हणत्यात कायबी न्हाई. उठा, गुरांना पेंड ठिवा." पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर हाताला लागतो. सांध्यातली वाळू कुणाला दावू? दुखणं कागदावर उमटावं लागतं, न्हाईतर ते नाटक. माझा सवभाव आधीच आसा, कुरकुऱ्या, त्यामुळं तर समद्यांना वाटलं, म्हाताऱ्याला कुरकुरायला नवीन निमित्त घावलं.

सकाळी नऊपतूर मी म्हंजी लाकूड. शर्टाची गुंडी लावायची तर अंगठा आन् बोट जवळ येत न्हाईत, भावकी मोडल्यागत. पर समद्यात वाईट काय, तर तंबाखू. हसू नका. पन्नास वर्सं मी तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला, अंगठ्यानं आशी चोळली की वास शेजारच्या वावरात जायचा. आता अंगठाच वळत न्हाई. मग मळायची कुणी? सरूबाईनं. आन् तिच्या हातात तंबाखूची पिशवी गेली म्हंजी घराचं सरकार गेलं. आधी अंघोळ करा मग मळते. आधी सुनंला उलटं बोललात ते चुकलं म्हणा मग मळते. दिसाला सात येळा खायचो, ती मला दोनदा देती, तेबी चिमणीला दाणा टाकल्यागत. हे पुण्याचं पोरगं खूस झालं ऐकून, तंबाखू कमी झाली म्हणून तब्येतीला चांगलं हाय म्हणतंय. म्हंजी त्याच्या कागदावर माझ्या जगण्याची क्वालिटी वाढली.

त्या कागदात आणखी एक सवाल हाय. आपण घरच्यांवर ओझं आहोत असं वाटतं का. त्याचं उत्तर काय मी त्याला लगीच दिलं न्हाई. म्हणलं, म्होरचा इचार. तुम्ही समदी ज्यांच्या हाडात ही वाळू गेलीय, तुम्हास्नी सांगाय नको. दुपारी बारालाच आसा दम सुटतो, की खुरपं हातात घ्यावं आन् बांधावर बसून ऱ्हावं. माणसं जात्यात रस्त्यानं, म्हणत्यात, "काय आबा, निवांत?" निवांत. आता काय सांगायचं त्यांना. आपला रिपोर्ट नॉर्मल हाय.

तर मला बोलाय लावलंच हाय तर आता खरी गोष्ट सांगतो. ही मी कुणाला सांगितली न्हाई. सरूबाईलाबी निम्मीच ठावं हाय.

आमची नात वैष्णवी, थोरल्याची पोरगी. डिप्लोमा केला, रांजणगावच्या कंपनीत लागली, तिथंच मैत्रिणीबरूबर खोली करून ऱ्हायची. काम क्वालिटीचं, म्हंजी दुसऱ्यानं केलेल्यात खोट काढायची. आमच्या घराण्याला शोभंल आसंच काम. पर ती लागली तवा मी इरोध केला होता, ते कबूल करतो. पोरीच्या जातीला कंपनी कशाला म्हणून पंधरा दिस तिच्याशी बोललो न्हवतो. ती फोनवर म्हणायची, आबांना द्या, आन् मी गोठ्यात जायचो.

ताप येऊन गेला त्याच्या म्होरल्या माघात तिला स्थळ आलं, वडगाव रासाईचं. म्हंजी भीमंच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात. पोरगा पृथ्वीराज, शेती हाय, धा गाया हायत, माणूस गरीब सवभावाचा. पर घरात चालतंय ते त्याच्या आज्याचं. सोपानराव. जवानीत कुस्त्या मारलेला गडी, पंचाहत्तरीतबी मान आशी, की डोकं कुठं संपलं आन् खांदा कुठं सुरू झाला ते कळत न्हाई. तो बोलला की घर उठतं, तो बोलला की घर बसतं.

सुपारी त्यांच्या घरी ठरली. जीपमदी बसताना आमच्या सूनबाई, सुषमा, माझ्या कानाशी आल्या. म्हणाल्या, "आबा, हात जोडते, तिथं दुखण्याचं एक अक्षर काढू नका. सांधं दुखत्यात म्हणलं की ती माणसं म्हणत्याल, ह्यांच्या घराण्यात वाताचं हाय, पोरीतबी उतरंल. सोयरीक मोडंल." आता माझं दुखणं डासाचं. डास काय आमचं घराणं इचारून चावला? पर तुम्हास्नी ठावंच हाय, सोयरिकीत माणूस खोकला तरी पाव्हणं एकमेकाकडं बघत्यात. म्हणलं बरं. न्हाई बोलत. जिभंवर दगड ठिवतो.

तिथं गेलो तर काय बघतोय, सोप्यात आख्खी गादी हातरलेली. पांढरी चादर, लोड, तक्के. सोपानरावाच्या घरची रीत, बैठकीत लहानथोर समदी खाली, खुर्ची न्हाईच. म्हणलं, मेलो. कारण मला बसता येत होतं, पर उठता येत न्हवतं. बसतो तरी कुठं, वरनं सोडून देतो सवताला, पुढचं देवाच्या हातात. उजवा पाय हातानं धरून दुमडला, डावा त्याच्या मागनं आला, झाली मांडी. सोपानराव समोर. चहा झाला, पाऊसपाणी झालं, ऊस झाला, कुणाचा कोण कुणाला दिलाय ते झालं. दीड तास. अर्ध्या तासानं पाय दुखले, एका तासानं ते माझं ऱ्हायले न्हाईत.

मग सोपानराव लोडावरनं म्होरं झाला आन् म्हणला, "बाकी समदं पसंत हाय. एकच सांगायचं. आमच्या घरात सुना कामाला जात न्हाईत. नोकरी सोडायची." झालं. आमचं पोरगं चादरीकडं बघाय लागलं. भावकीतली दोघं तिघं छताच्या पंख्याकडं. मधला माणूस हरिबा, ज्यानं स्थळ आणलं होतं, तो पटकन म्हणला, "ते काय, होतंय की, चला देवापुढं सुपारी फोडू." आन् समदी उठली.

समदी उठली. मी बसलेलो.

आता बैठकीचा कायदा तुम्हास्नी सांगाय नको. सुपारीला चला म्हणलं आन् माणूस उठला, म्हंजी त्याला मंजूर. न्हाई उठला म्हंजी त्याच्या मनात काय तरी हाय. आन् मी तर पोरीचा आज्जा, वयानं समद्यात थोरला. धा-पंधरा माणसं उभी आन् मी गादीवर गणपतीगत. हरिबा म्हणला, आबा, उठा. म्हणलं, उठतो. न्हाई उठलो. सोपानराव म्हणला, काय बोलायचं ऱ्हायलंय का? म्हणलं, न्हाई. मग उठा. उठतो की. हात टेकून जरा जोर लावून बघितला, तर गुडघ्यातनं आशी कळ आली, की डोळं मिटलं, दात आवळलं. त्यांना काय वाटलं? म्हाताऱ्याला राग आलाय.

समदी परत बसली. आत सैपाकघरात पुरणपोळ्या झालेल्या, तुपाचा वास सुटलेला, चाळीस माणूस जेवायचं. सुषमा दाराआडनं डोळं वटारून बघतीय, एक अक्षर काढू नका. म्हणून मी गप. हरिबा सरकत सरकत कानाशी आला, "आबा, नोकरीचं का?" मी कळंला म्हणलं, "हं..." मी त्याला म्हणलंच न्हाई. कळंला म्हणलं. तर तो हरिबा ताठ झाला आन् समद्यांना सांगतोय, "आबांचं म्हणणं आसं, की पोरीची नोकरी चालू ऱ्हावी. त्याबिगर ते उठणार न्हाईत."

तुम्हास्नी सांगतो, माझं डोकंच फिरलं. मी? जो पंधरा दिस तिच्याशी बोललो न्हाई तो मी? पर आता न्हाई म्हणावं तर उठून दावावं लागतंय. आन् उठता येत न्हाई म्हणावं तर दुखणं सांगावं लागतंय. काय करणार. बसलो. तासभर बसलो. सोपानरावाची पोरं त्याला आत घेऊन गेली, बाहेर आणलं, परत आत नेलं. एक सूनबाई हळूच म्हणाल्याचं ऐकलं, पोळ्या वातड व्हायल्यात. पृथ्वीराजनं पाणी आणून दिलं, ते मी दोन्ही हातानं धरून प्यालो, तर म्हणं बघा किती मानानं पाणी घेतलं. आरं, एका हातात पेला ऱ्हात न्हाई माझ्या.

शेवटाला सोपानराव माझ्या म्होरं येऊन उभा ऱ्हायला आन् म्हणला, "बरं. करू द्या नोकरी. झालं? आता तरी उठा."

आन् मी उठलो न्हाई.

कसा उठणार? शब्द दिल्यानं गुडघं सुटत्यात व्हय? सोपानराव लाल झाला. "आणखी काय पायजे?" पृथ्वीराज घाबरून म्हणतोय, "आजोबा, तिला सकाळच्या कंपनीच्या गाडीपतूर मी सोडत जाईन, रोज." मी काय मागितलं न्हवतं. ते पोरगं आपलं आपण देत सुटलं. मग सोपानरावाचं डोकं सटाकलं. वाकला, माझा उजवा हात धरला आन् पैलवानानं गडी उचलावा तसा उपसला मला. खांद्यात वीज पडली. माझ्या तोंडनं जी शिवी गेली ती ह्या बायामाणसांत सांगत न्हाई, पर ती आत देवघरापतूर गेली. अख्खी बैठक गार. आन् सोपानराव माझ्याकडं बघून, माझ्या माणसांदेखत, त्याच्या माणसांदेखत म्हणला, "लई नाटकी म्हातारा हाय ह्यो."

सुपारी फुटली. पोळ्या खाल्ल्या. वातड होत्या.

घरी आलो, दोन दिसांनी वैष्णवी सुट्टी काढून आली. दारातनं सरळ माझ्याकडं, पायावर डोकं ठिवलं आन् उठंनाच. म्हणाली, "आबा, मला वाटायचं तुम्हाला माझी नोकरी खुपती. आन् तुम्ही माझ्यासाठी तिथं..." आता मी काय करायचं? सांगायचं, बाई, माझं गुडघं धरलं होतं? मी म्हणलं, आसूंदे, आसूंदे. खोटं बोललो न्हाई मी. नुसता गप बसलो. पर ते गप बसणं मला ह्या सांध्यांपरीस जास्त दुखतंय, ते तुझ्या कागदात कुठं बसतंय का बघ, पोरा.

उन्हाळ्यात लगीन झालं. व्याहीभेटीला सोपानराव गळ्यात गळा घालायच्या येळंला चार हात लांब उभा, लांबनंच हार टाकला, पोळ्याच्या बैलाला टाकत्यात तसा. आन् पुढं त्यानं काय केलं, तर न्हावऱ्याच्या बाजारापासनं शिरूरच्या एसटी स्टँडपतूर समद्या तालुक्यात गोष्ट केली. यवतकडचं आमचं व्याही, नाटकी. बैठकीतनं उठंचना, नाटकी. माझी भाची पाबळला दिलीय, तिच्या सासरी लोकं तिला म्हणत्यात, तो उठला न्हाई तो म्हातारा तुझा मामा का? हे झालं माझं आयुष्य. आन् रिपोर्ट? नॉर्मल.

आता गेल्या पावसाळ्याचं सांगतो. वैष्णवीचा फोन आला. "आबा, हितल्या आजोबांना ताप येऊन गेलाय, आन् आता सकाळी उठतच न्हाईत. मूठ मिटत न्हाई. तीन डॉक्टर केलं, समदी म्हणत्यात रिपोर्ट नॉर्मल हाय."

तुम्हास्नी सांगतो, त्या येळंला, तीन वर्सांत पहिल्यांदा, मला उत्साही वाटलं. तेवढं लिव.

पर त्यो किती टिकणार? आठ दिस मजेत गेलं. मग एक दिवस शर्टाची गुंडी लावता लावता माझ्या मनात आलं, आता सोपानरावालाबी ही लागत नसंल. आन् त्याला तर मानंलाच गुंडी लावायची म्हंजी केवढं काम. मजा गेली. काय सांगू, दुसऱ्याचं दुखणं आपल्यासारखंच निघालं की त्यात चवच ऱ्हात न्हाई.

दिवाळी झाल्यावर पोराला म्हणलं, मला वडगाव रासाईला सोड. त्यानं मोटारसायकलवर नेलं, दारात उतरवलं आन् हिरीवरच्या मोटारीचं सामान आणाय न्हावऱ्याला गेला. आत गेलो तर घर मोकळं. गडीमाणसं ऊसतोडीला, बाया बचत गटाच्या मीटिंगला, वैष्णवी कंपनीत. आन् सोप्यात, त्याच गादीवर, सोपानराव. मला बघितलं. उठला न्हाई. पाव्हणं दारात आलं आन् घरधनी उठला न्हाई. हात टेकला, जोर लावला, डोळं मिटलं, दात आवळलं, परत बसला.

मी दारातच उभा. म्हणलं, "न्हाई का उठता येत?"

तो खाली बघत म्हणला, "रिपोर्ट नॉर्मल हाय म्हणत्यात वो."

आता तिथं खुर्ची होती एक. नवीन आणली होती, त्याच्यासाठीच. पर तो खाली आन् मी वर बसायचं, ते काय बरं दिसलं न्हाई. म्हणून मी सोडला सवताला. धप. त्याच्या शेजारी. बसल्यावर ध्यानात आलं, की आपण काय केलं. घरात उठवाय कुणी न्हाई.

तो माझ्याकडं बघाय लागला. मी कसा पडलो, पाय हातानं कसा दुमडला, ते समदं त्यानं बघितलं होतं. आता त्याला त्या समद्याचा अर्थ कळत होता, कारण तो सवता तसाच बसला होता. मग म्हणला, "म्हंजी त्या दिशी..."

म्हणलं, "व्हय."

"नोकरीसाठी न्हवं?"

मी आपली सरूबाईकडनं मागून आणलेली तंबाखूची पिशवी मांडीवर ओढली. म्हणलं, झालं. आता हा गडी म्हणणार, फसवून शब्द घेतला, नोकरी बंद. पोरगी आता लाइनीवर बाकीच्यांची मुकादम झालीय, बारा माणसं तिच्या हाताखाली हायत, तिची ती नोकरी माझ्या गुडघ्यापायी आली आन् आता माझ्या तोंडापायी जाती का काय. आन् तिला कळणार, की आबा तिच्यासाठी बसलाच न्हवता.

सोपानराव पंख्याकडं बघत बसला. मीबी पंख्याकडं. मग त्याचं लक्ष माझ्या पिशवीकडं गेलं. म्हणला, तंबाखू हाय का? म्हणलं, हाय, पर मळता येत न्हाई. म्हणला, मलाबी. दोघांनी मिळून बघितलं, त्यानं तळहात धरला, मी अंगठा चालवला, निम्मी चादरीवर सांडली, उरली ती खाल्ली. शिरूर आन् दौंड तालुक्यात आशी तंबाखू कुणी मळली नसंल. मग तो सांगाय लागला, सकाळी कुठं कुठं दुखतं, आन् मी सांगाय लागलो, आन् दोन तास कसं गेलं कळलं न्हाई. कुणी मधी म्हणलं न्हाई, की रिपोर्ट नॉर्मल हाय.

साडेचारला कंपनीची गाडी वाजली. वैष्णवी आली, अंगावर कंपनीचा शर्ट, गळ्यात कार्ड. दारात थबकली. दोन म्हातारं गादीवर, चादरीवर तंबाखू. दोघांनी एकदम हात म्होरं केलं तिच्याकडं. ती कुणाला आधी उठवावं म्हणून बघाय लागली, सासरचा आज्जा का माहेरचा. मला वाटलं, आता हा सांगतो. आता सांगतो.

सोपानराव म्हणला, "आधी ह्या नाटक्याला उठीव. तुझ्या नोकरीपायी सुपारीला बसला होता हितं, तवापासनं आंग धरलंय त्याचं."

तिनं उठवलं मला. हळू, खांद्याला धक्का न लावता, क्वालिटीनं. तिला आजबी तेच ठावं हाय, आन् तुम्हीबी हितलं हितंच ऱ्हाऊ द्या. सीमाताई, ते निळ्या पिंपाचं तेवढं लिवलं आसशील तर खोड. बरं, ऱ्हाऊ दे. लिव. चुकलं माझं, वतायला पायजे होता. झालं का समाधान? आता कागद पुरा कर. आजार गेला का, न्हाई. रिपोर्ट, नॉर्मल. ओझं वाटतं का, तर अर्धं. बाकीचं अर्धं वडगाव रासाईत बसलंय. आता आठवड्यातनं एकदा मला तिकडं जावं लागतं, त्याची तंबाखू खोळंबती. पर नाटक्या म्हणला तो मला, पहिल्यांदा धा-पंधरा माणसांत आन् दुसऱ्यांदा नातीदेखत, आन् त्याची माफी अजून आली न्हाई. समद्यात खाली रिकामी जागा हाय बघ कागदावर, 'इतर काही सांगायचे असल्यास.' तिथं नाव लिव. सोपानराव.